गाईड डॉगबरोबर चालताना निर्णय कोणाचा असतो?

कृष्णाकाठ

गाईड डॉगचा, म्हणजे अंध व्यक्तीबरोबर चालण्यासाठी खास शिकवलेल्या कुत्र्याचा, विषय निघाला की बहुतेक वेळा कुत्र्याच्या हुशारीचे आणि इमानाचे कौतुक होते आणि बोलणे तिथेच थांबते. मी न्यू जर्सीतील मॉरिस काउंटीत राहते. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आनुवंशिक विकारामुळे कॉलेजच्या वयापासून माझी दृष्टी कमी होत गेली आणि आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. ओटिस हा लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर यांच्या संकरातला गाईड डॉग काही वर्षे माझ्याबरोबर काम करतो आहे. त्याच्याबरोबर वावरताना माझे एक मत पक्के होत गेले, आणि त्यावर इथल्या जाणत्या मंडळींशी सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढते आहे. कुत्रा आपल्याला नेतो म्हणून स्वातंत्र्य मिळते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझ्या मते ते मिळते याचे कारण कुठे जायचे, कोणत्या वाटेने जायचे आणि रस्ता केव्हा ओलांडायचा, हे सारे आपल्यालाच ठरवावे लागते.

घरापासून स्टेशनपर्यंतचा नकाशा माझ्या डोक्यात असतो. कितव्या चौकात डावीकडे वळायचे, कोणत्या रस्त्याला वाहने किती वेगाने येतात, स्टेशनचे दार कोणत्या बाजूला आहे, हे मला आधी माहीत असावे लागते. मी हाताने दिशा दाखवून ‘फॉरवर्ड’ म्हणते, ओटिस सरळ चालू लागतो आणि पुढच्या चौकात पदपथाच्या कडेशी येऊन थांबतो. मधल्या अंतरातले खांब, कचऱ्याचे डबे, आडव्या लावलेल्या सायकली आणि माझ्या कपाळाच्या उंचीवर आलेली झाडाची फांदी, हे सगळे त्याच्याकडे. फांदीखालून तो स्वतः सहज जाऊ शकतो. परंतु माझी उंची आणि माझा उजवा खांदा हिशेबात धरून वाट काढायची, हे त्याला शिकवलेले असते. त्याच्या सगळ्या शिक्षणात मला हेच सर्वांत अवघड वाटते, कारण त्याला स्वतःला न लागणारा अडथळा त्याने अडथळा मानायचा असतो.

एका ठिकाणी मात्र त्याला माझी आज्ञा मोडण्याची मुभा आहे, किंबहुना ते त्याचे कर्तव्यच आहे. मी ‘फॉरवर्ड’ म्हटले आणि त्याच वेळी एखादी गाडी वळून समोर आली, तर त्याने पाऊल उचलायचे नाही किंवा मला मागे खेचायचे. प्रशिक्षणात प्रशिक्षक मुद्दाम गाडी आडवी आणून याचा पुन्हा पुन्हा सराव करून घेतात. हा केवळ नकाराचा अधिकार आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. रस्ता मोकळा आहे असे तो मला कधीच सांगत नाही, आत्ता जाऊ नकोस एवढेच सांगतो.

हे सारे बोलणे हार्नेसच्या, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर चढवलेल्या पट्ट्यांच्या साजाच्या, ताठ दांडीतून चालते. दांडी डाव्या हातात, बोटांत सैलसर धरायची असते; घट्ट मूठ वळली की संदेश कळेनासे होतात. ओटिस उजवीकडे सरकू लागला की दांडीचा कल माझ्या मनगटाला पाऊल पडण्याआधी कळतो. त्याची चाल मंदावली तर पुढे गर्दी असते, आणि तो थांबला तर पदपथाची कडा, पायरी किंवा अडथळा यांपैकी काय आहे, ते मी पायाने चाचपून पाहते. म्हणूनच कुत्रा देण्यापूर्वी प्रशिक्षक स्वतः हार्नेसचे दुसरे टोक हातात धरून उमेदवाराबरोबर चालतात, आणि त्याला किती वेग मानवतो, किती ओढ सोसते, हे पाहून मग जोडी ठरवतात. जोडी चुकली तर उत्तम कुत्रा आणि उत्तम माणूस असूनही काम होत नाही.

थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण मी ज्या संस्थेतून ओटिसला आणले ती याच इतिहासातून उभी राहिली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबर्ग येथे १९१६ साली गाईड डॉगची पहिली शाळा निघाली. स्वित्झर्लंडमध्ये कुत्र्यांचे प्रशिक्षण केंद्र चालवणाऱ्या डोरोथी हॅरिसन युस्टिस या अमेरिकन बाईंनी जर्मनीतले हे काम पाहून १९२७ च्या नोव्हेंबरात एका अमेरिकन साप्ताहिकात लेख लिहिला. अमेरिकेतील नॅशव्हिलचा मॉरिस फ्रँक हा अंध तरुण तेव्हा विशीच्या आत होता. बाहेर जायचे तर पगारी मुलगा सोबतीला घ्यावा लागे आणि सगळे त्या मुलाच्या मर्जीवर चाले. वडिलांनी तो लेख वाचून दाखवल्यावर त्याने युस्टिसबाईंना पत्र लिहिले आणि १९२८ साली तो स्वित्झर्लंडला गेला. जाताना बोटीवर त्याला एखाद्या पार्सलसारखे दुसऱ्याच्या ताब्यात देण्यात आले होते. परतताना त्याच्याबरोबर बडी ही जर्मन शेफर्ड कुत्री होती, आणि न्यूयॉर्कच्या रहदारीने भरलेल्या वेस्ट स्ट्रीटवर, वार्ताहरांच्या देखत, त्याने तिच्याबरोबर रस्ता ओलांडून दाखवला. २९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिलमध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली आणि पुढे ती न्यू जर्सीत आली. इथल्या मॉरिसटाऊन गावातील ग्रीन या बागेत फ्रँक आणि बडी यांचे पूर्णाकृती शिल्प आहे. जवळच्या पारसिपनी भागात राहणारी आपली अनेक मंडळी तिथून जात असतील; त्यांनी एकदा थांबून जरूर पाहावे.

घरच्यांविषयीही लिहिले पाहिजे. माझ्या सांगलीच्या घरात कुत्रा अंगणाच्या आत कधी आला नव्हता. आई इथे राहायला आली तेव्हा देवघर असलेल्या खोलीत तो येईल का, सोवळ्याचे काय, असे तिचे प्रश्न होते, आणि ते मनापासून विचारलेले होते. ओटिसला त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसायला शिकवले आणि तो प्रश्न सुटला. दुसरा प्रश्न सुटायला अधिक काळ गेला. मी बाहेर निघाले की माझे दंड धरून चालण्याची तिची सवय मोडत नव्हती. आंधळ्या मुलीची काळजी म्हणजे तिला हाताला धरून नेणे, असेच आपल्याकडे सगळ्या घरांत मानले जाते. त्या काळजीचा मला आदर आहे. परंतु दुसऱ्याच्या सवडीने दवाखान्यात, दुसऱ्याच्या सवडीने मैत्रिणीकडे आणि दुसऱ्याच्या सवडीने परत, असे आयुष्य काढल्यावर माणूस स्वतःच्या इच्छा बोलून दाखवणेही सोडून देतो, हे मी अनुभवले आहे.

आपापले अनुभव आणि मतभेद दोन्ही लिहावेत.

सह्यकडा

अत्यंत महत्त्वाचा धागा. दोन शंका आहेत. सिग्नल हिरवा झाला हे ओटिसला कळत नसेल, तर रस्ता ओलांडण्याची वेळ आपण नेमकी कशी ठरवता? आणि पांढऱ्या काठीपेक्षा कुत्रा सर्व बाबतींत सरस आहे, असे आपले मत आहे का?

कृष्णाकाठ

सह्यकडा, कुत्र्याला लाल आणि हिरवा हा भेद आपल्यासारखा दिसत नाही, आणि दिसला असता तरी सिग्नल वाचणे त्याला शिकवत नाहीत. मी रहदारी ऐकते. माझ्या चालण्याच्या दिशेला समांतर असलेल्या रस्त्यावरची थांबलेली वाहने एकदम सुटली की तो आवाज ओळखता येतो; त्याच क्षणी माझ्यासमोरचा आडवा रस्ता थांबलेला असतो. मी सिग्नलची एक फेरी पूर्ण ऐकून घेते आणि पुढच्या फेरीच्या सुरुवातीलाच निघते, म्हणजे पुरता वेळ मिळतो. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा कमी वेगात आवाज होत नसे आणि आमच्यासाठी ती मोठीच अडचण झाली होती. म्हणून अशा गाड्यांनी कमी वेगात कृत्रिम आवाज करावा असे नियम अमेरिकेत आणि युरोपात झाले. उजवीकडे वळणारी गाडी मात्र मला पुष्कळदा उशिरा कळते. अशा वेळी ओटिसचा नकार माझ्या कामी येतो.

दुसऱ्या शंकेचे उत्तर ‘नाही’ असे आहे. काठी प्रत्येक वस्तूला लागते आणि म्हणून प्रत्येक वस्तूची ओळख देते. बसथांब्याचा खांब, दुकानाबाहेरची जाळी, उताराची सुरुवात, या खुणांच्या आधारे काठीवाला माणूस आपण कुठे आहोत हे जाणतो. कुत्रा त्या वस्तूंना वळसा घालतो, त्यामुळे त्या खुणा नाहीशा होतात. ओटिस आल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात ओळखीच्या रस्त्यावरही मला हरवल्यासारखे वाटे, कारण माझा खांब मला भेटतच नसे. मग पायाखालचा चढ, बेकरीचा वास, इमारती संपून मोकळी जागा आल्यावर बदलणारा आवाज, अशा नव्या खुणा गोळा कराव्या लागल्या. त्याच्या बदल्यात चालण्याचा वेग आणि सहजपणा मिळतो. काठीने चालताना माझे सगळे लक्ष पुढच्या दोन पावलांवर असे. आता चालता चालता विचार करता येतो. माझ्या दृष्टीने हा फार मोठा लाभ आहे, पण प्रत्येकाला तो तेवढाच मोलाचा वाटेल असे नाही.

अबोली

मी इंग्लंडमध्ये राहते आणि आमच्या कुटुंबाने गाईड डॉग होऊ घातलेली पिल्ले घरी वाढवली आहेत, म्हणून या कामाची दुसरी बाजू सांगते. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचे असताना आमच्याकडे येते आणि वर्षभराहून थोडे अधिक काळ राहते. हार्नेसचे काम आम्ही शिकवत नाही. बस, आगगाडी, बाजार, लिफ्ट, फटाक्यांचा आवाज, रडणारी लहान मुले, या सगळ्यांत शांत राहणे, जमिनीवर पडलेले खाणे न उचलणे आणि ठरलेल्या शब्दावर शी-शू करणे, एवढेच आमचे काम. शेवटचे शिक्षण सोपे वाटेल, परंतु ज्याला कुत्रा दिसत नाही त्याच्यासाठी ते अत्यावश्यक आहे. माझी मुले पिल्लू परत देताना फार रडली. पुढे ते पिल्लू ज्या बाईंना मिळाले त्यांनी आम्हाला एकदा भेटीला बोलावले, आणि त्या स्वतः आम्हाला स्टेशनवर घ्यायला आल्या होत्या.

इथे हे काम १९३१ साली लिव्हरपूलजवळच्या वॉलसी गावात म्युरिएल क्रुक आणि रोझमंड बाँड या दोन स्त्रियांनी सुरू केले. ज्युडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा अशी पहिल्या चार कुत्र्यांची नावे होती. कुत्र्यासाठी नाममात्र ५० पेन्स घेत असत. पुष्कळसा खर्च देणग्यांतून भागतो.

कृष्णाकाठताईंनी सिग्नलचे लिहिले आहे, त्याला जोडून एक सांगते. इथल्या पादचारी सिग्नलवर बटणाच्या डब्याच्या खाली बोटाच्या पेराएवढा एक खाचांचा शंकू असतो. बहुतेक डोळस माणसांना तो आयुष्यभर ठाऊक नसतो. चालण्याचा हिरवा दिवा लागला की तो गोल फिरू लागतो, आणि त्यावर बोट ठेवून उभ्या असलेल्या माणसाला कोणालाही न विचारता कळते. जिथे आवाजी सिग्नल लावता येत नाहीत तिथेही हे चालते. कुत्रा कितीही चांगला असला तरी रस्त्यानेही आपला वाटा उचलला पाहिजे, हे मला त्या शंकूमुळे पटले.

पर्वती

मी जन्मतः अंध आहे, पुण्यात राहतो, नोकरी करतो आणि रोज पांढऱ्या काठीने प्रवास करतो. कृष्णाकाठताईंचे लेखन मनापासून आवडले, परंतु ते वाचून इथल्या पालकांनी गाईड डॉगची आस धरू नये असे मला वाटते, आणि त्याची कारणे स्पष्ट मांडतो.

पहिले कारण रस्त्यावरची कुत्री. माझ्या घरापासून बसथांब्यापर्यंत तीन टोळ्यांच्या हद्दी लागतात. काठी घेतलेल्या माणसाला ती सहसा सवयीने सोडून देतात. पट्ट्यातला परका कुत्रा आपल्या हद्दीत आलेला ती सहन करणार नाहीत. हार्नेसमधल्या कुत्र्याने प्रतिकार करायचा नाही असे त्याला शिकवलेले असते, आणि मालकाला हल्ला कोणत्या बाजूने होतो आहे हे दिसत नाही. नियमांनुसार नसबंदी केलेली कुत्री सहसा पुन्हा त्याच भागात सोडली जातात, तेव्हा या हद्दी लवकर मोडतील असे दिसत नाही.

दुसरे कारण पदपथ. कुत्र्याने पदपथाच्या कडेशी थांबायचे, तर आधी पदपथ सलग हवा. आमच्याकडे तो दुकानाच्या पायऱ्यांशी संपतो, पुढे दुचाकी उभ्या असतात, आणि मग रस्त्याच्या कडेने वाहनांबरोबर चालावे लागते. अंधांसाठी बसवलेल्या पिवळ्या उठावदार फरशा झाडाच्या बुंध्याशी नेऊन सोडतात. मेट्रोच्या स्थानकात याच फरशांवरून मी कोणाच्याही मदतीशिवाय फलाटापर्यंत जातो. म्हणजे काम नीट केले तर होते, आणि स्थानकाबाहेर पाऊल टाकताच ते संपते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ मध्ये सुगम्यतेची तरतूद स्पष्ट आहे. आपण सर्वांनी आपली शक्ती तिच्या अंमलबजावणीसाठी आणि शाळकरी वयातच काठीचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळावे यासाठी खर्च करावी.

तिसरी गोष्ट थोडी कठोर आहे. माझ्या काठीला भूक लागत नाही, ती आजारी पडत नाही आणि तिला उपाहारगृहात कोणी अडवत नाही. मग अधिक स्वतंत्र कोण?

कृष्णाकाठ

पर्वतीदादा, आपल्या पहिल्या दोन मुद्द्यांशी मी पूर्ण सहमत आहे, आणि याच कारणांमुळे सांगलीला येताना मी ओटिसला आणत नाही. तो इथे मैत्रिणीकडे राहतो आणि मी काठी घेऊन येते. कागदपत्रांचाही भाग आहे: भारत रेबीजचा धोका अधिक असलेल्या देशांच्या अमेरिकन यादीत असल्यामुळे परतीच्या प्रवेशासाठी कुत्र्याला मायक्रोचिप हवी आणि अमेरिका सोडण्यापूर्वीच लसीकरणाचे शासकीय प्रमाणपत्र तयार हवे. पण कागद सोपे असते तरी मी त्याला आणले नसते. आपल्या गल्लीत त्याला काम करायला लावणे म्हणजे त्याला आणि मला दोघांनाही संकटात टाकणे आहे. या प्रत्येक मुक्कामात मला काठीनेच बाहेर काढले आहे, म्हणून काठीचे कौशल्य गंजू द्यायचे नाही, हे मी इथल्या प्रत्येक नव्या उमेदवारालाही सांगते.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मतभेद आहे. काठीला कोणी अडवत नाही हे खरे, आणि मला अडवले गेले आहे हेही खरे. अ‍ॅपवरून बोलावलेला टॅक्सीचालक हार्नेस पाहताच निघून गेला आहे, एका उपाहारगृहाने बाहेरच्या टेबलावर बसा असे सांगितले आहे. अमेरिकेच्या १९९० च्या दिव्यांगविषयक कायद्यानुसार व्यावसायिकाला दोनच प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा दिव्यांगत्वामुळे आवश्यक आहे का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. कागद मागता येत नाहीत. मी ही दोन वाक्ये शांतपणे सांगते, आणि तरीही नकार मिळाला तर तक्रार करते. कोणी अडवले म्हणून माझे स्वातंत्र्य खोटे ठरत नाही. अडवणाऱ्याला कायद्यापुढे उत्तर द्यावे लागते.

भुकेचे म्हणाल, तर तीच माझ्या लेखी भागीदारी आहे. सकाळी त्याला खायला देणे, अंगावरून ब्रश फिरवणे, कान-पंजे तपासणे आणि आवश्यक तेव्हा डॉक्टरकडे नेणे हे मी करते. आयुष्यभर माझी काळजी इतरांनी घेतली होती. ज्याची काळजी रोज माझ्यावर अवलंबून आहे आणि ज्याच्या कामावर मी रस्त्यात विसंबून आहे, असा दुसरा कोणी जीव माझ्या आयुष्यात नव्हता. कोणावरही अवलंबून नसणे ही स्वातंत्र्याची व्याख्या मला मान्य नाही, कारण डोळस माणसालाही ती लागू पडत नाही.

पर्वती

आपली व्याख्या मान्य करतो. माझा आग्रह एवढाच राहील की ज्या मुलाला काठी नीट शिकवलेली नाही त्याच्या पालकांसमोर कुत्र्याचे चित्र आधी ठेवू नये.

चैत्रपालवी

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, आम्ही न्यू जर्सीतच एडिसनला राहतो. तिला समोरचे अंधूक दिसते, कडेचे अजिबात दिसत नाही, आणि रात्री तर काहीच नाही. कॉलेजसाठी दूर जायचे म्हणते आणि गाईड डॉग हवा म्हणते. थोडी दृष्टी असलेल्यांना कुत्रा मिळतो का? खर्च किती येतो? आणि संकोचाचा प्रश्न आहे, पण विचारते: त्याची शी न दिसता कशी उचलायची?

कृष्णाकाठ

चैत्रपालवीताई, थोडी दृष्टी असली तरी मिळतो, मात्र कायद्याच्या व्याख्येनुसार अंधत्व असावे लागते आणि वय किमान सोळा. राज्याच्या अंध-सेवा आयोगाकडून आधी काठीचे आणि दिशाज्ञानाचे शिक्षण पूर्ण करून घ्या. पर्वतीदादांचा आग्रह इथल्या संस्थाही धरतात, कारण नकाशा डोक्यात नसेल तर कुत्र्याला सांगणार काय? मुलीने आधी रोज काठीने एकटीने चालायची सवय केलेली असावी. मॉरिसटाऊनला ‘द सीइंग आय’मध्ये जवळपास तीन-चार आठवडे राहून शिकावे लागते. पहिल्या कुत्र्यासाठी १५० डॉलर आणि नंतरच्या प्रत्येकासाठी ५० डॉलर एवढीच रक्कम घेतात. १९३४ पासून ती वाढवलेली नाही, आणि त्यात कुत्रा, हार्नेस, राहणे-जेवण आणि प्रशिक्षण सगळे येते. कुत्रा दान म्हणून घेतला असे वाटू नये, यासाठी ती रक्कम ठेवली आहे. पुढे खाणे आणि डॉक्टर हा खर्च मात्र आपला, तो महिन्याच्या हिशेबात धरावा.

थोडी दृष्टी असलेल्यांना एक जास्तीचा अभ्यास करावा लागतो. आपल्याला काहीतरी दिसते म्हणून माणूस कुत्र्याला स्वतःच वळवू पाहतो, आणि मग कुत्रा वाट काढणे सोडून देतो. मुलीला हे आधीच सांगून ठेवा.

शेवटच्या प्रश्नात संकोचण्यासारखे काही नाही, तो शिकवण्याचाच भाग आहे. ठरलेल्या वेळी हार्नेस काढून, पट्टा सैल सोडून कुत्र्याला आपल्याभोवती फिरू द्यायचे. तो थांबला की पाठीवरून हात फिरवायचा. पाठ सरळ उतरती असेल तर लघवी, कमानीसारखी वर आली असेल तर शी. कमान लागली की आपले पाऊल त्याच्या मागच्या पायांच्या रोखाने टेकवून ठेवायचे, म्हणजे जागा हरवत नाही. मग पिशवी हातमोज्यासारखी घालून तिथे चाचपायचे, उचलायचे आणि पिशवी उलटी करून गाठ मारायची. हार्नेस अंगावर असताना हे करायचे नसते, म्हणून कुत्राही कामाच्या वेळी थांबून राहायला शिकतो.

सह्यकडा

शेवटची शंका. कुत्र्याचे कामाचे वय संपल्यावर काय होते?

कृष्णाकाठ

साधारण दोन वर्षांचा असताना कुत्रा कामाला लागतो आणि सात-आठ वर्षे काम करतो. पायऱ्यांपाशी रेंगाळणे, हार्नेस पुढे केला की मान वळवणे, रहदारीत उशिरा थांबणे, अशी लक्षणे दिसू लागली की निवृत्ती द्यावी लागते, आणि ती वेळ मालकानेच ओळखायची असते. आमच्या संस्थेत शिक्षण पूर्ण झाल्यावर कुत्र्याची मालकी आपल्याकडे येते, त्यामुळे निवृत्त कुत्र्याला घरीच ठेवता येते, ओळखीच्या घरी देता येते किंवा संस्थेकडे परत सोपवता येते. ओटिसची चाल या हिवाळ्यात किंचित मंदावली आहे असे मला दांडीतून जाणवते आहे. मी प्रशिक्षकाला बोलावले आहे. तो आमच्याबरोबर स्टेशनपर्यंतचा रस्ता चालून पाहणार आहे. ओटिस निवृत्त झाला तर तो माझ्याकडेच राहील, असे आईने परस्पर सांगून टाकले आहे. नव्या कुत्र्यासाठी अर्ज करायचा झाल्यास मधल्या काळात काठीच वापरावी लागेल, म्हणून आठवड्यातून एकदा मी आतापासूनच तिच्याबरोबर बाहेर पडते.